गोरं करणारी ट्यूब मी विकत होते

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. ताईंची शाहूवाडी तालुक्यात बाजाराच्या दिवशी कटलरीची गाडी असते. बऱ्याच गटांनी 'ते बोलणं छापा' असं कळवलं, म्हणून जसं बोलल्या तसंच देत आहोत. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे.)



मला सांगितलं होतं, "तुमच्या धंद्याची यशोगाथा सांगा, दहा मिनिटं." मी घरी वहीत लिहूनबी आणलं होतं. कर्ज किती घेतलं, किती फेडलं, नफा किती. पण काल रात्री झोप लागेना. म्हटलं, आठ वर्षं गटात बसतोय, बैठकीला सुरुवात करताना खरं बोलायचं म्हणतो, आणि सभेत उभं राहून निम्मंच सांगायचं? म्हणून आज मी यशाच्या आधी माझी चूक सांगणार आहे. ऐकून घ्या.

पाच वर्षांपूर्वी मी गटातून बारा हजार रुपये कर्ज घेतलं. बारा महिने, महिन्याला हजार रुपये मुद्दल आणि वर दोन टक्के व्याज. पहिला हप्ता बाराशे चाळीस. त्यातून बांगड्या, टिकल्या, पिना, रबर, पावडर, नेलपॉलिश, लिपस्टिक असा माल कोल्हापुरातून आणला. बांबवड्याला, मलकापूरला बाजारात बसायला लागले. मालकांनी पहिल्या दिवशी गाडीला ताडपत्री बांधून दिली आणि म्हणाले, "चार बाजार बघ, न्हाई जमलं तर सोड." सोडलं नाही.

पहिल्या वर्षी बांगड्या आणि टिकल्या जेवढ्या खपल्या तेवढ्याच. खरा नफा आणला तो एका ट्यूबनं. होलसेलवाल्यानं सांगितलं, "ताई, ही ठेवा, पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, गिऱ्हाईक परत येतंय बघा." आणि खरंच परत यायचं. एकीनं नेली की तिची नणंद यायची, नणंदेची मैत्रीण यायची. लग्नसराईत तर पोरी आधी फोन करून सांगायच्या, "वहिनी, माझी ट्यूब बाजूला ठेवा." महिन्याला सगळा मिळून साडेतीन हजार नफा व्हायचा, त्यातले चौदाशे या एका ट्यूबचे. हे आकडे माझ्या वहीत आहेत, कुणालाबी दाखवते.

मी ती माझ्या धाकट्या जावेलाबी दिली. पैसे न घेता दिली. तिचा रंग सावळा, लग्न ठरताना दोन ठिकाणांनी त्याच कारणानं नकार दिलेला. लग्नानंतरबी आमच्या घरात कुणी ना कुणी बोलायचंच. मला वाटलं, मी तिचं भलंच करतोय.

पहिला महिना चेहरा तुकतुकीत झाला. शेजारच्या बायका विचारायला लागल्या. सहा महिन्यांनी गालावर लालसर झाक आली. मग बारीक पुटकुळ्या. मग हनुवटीवर आणि गालावर केस. चुलीपुढं बसली की चेहरा पेटायचा, उन्हात गेली की आग. कातडी इतकी पातळ झाली की आतल्या लाल शिरा दिसायच्या. ती ट्यूब बंद करायची, तर दोन दिवसांत चेहरा आणखी सुजायचा, म्हणून परत लावायची. एक दिवस मला म्हणाली, "अक्का, आता मी बाजारला येत न्हाई. तोंड दाखवायची लाज वाटती."

आम्ही दोघी सीपीआरला गेलो. कोल्हापूरचं सरकारी मोठं रुग्णालय, त्वचेचा विभाग वेगळा आहे. रांगेत दोन तास बसलो. डॉक्टर मॅडमनी चेहरा बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काय लावत होतात? ट्यूब आणलीय का?" जावेनं पिशवीतून काढून दिली. मॅडमनी ती उलटी केली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "ही क्रीम नाही, औषध आहे. हे कुणी दिलं तुम्हाला?"

जाऊ गप्प बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. मैत्रिणींनो, ती गप्प बसली ना, तिथं मी मेल्यासारखी झाले. मग मीच म्हटलं, "मॅडम, मीच दिली. मी विकतो."

त्या रागावल्या नाहीत. कागदावर लिहून समजावून सांगितलं. ते मी तुम्हाला तसंच सांगते.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, अशी त्यांची नावं. इसब किंवा काही त्वचारोगांत डॉक्टर ते थोडे दिवस, ठरावीक जागी लावायला देतात. तिथं ते चांगलं काम करतं. पण गोरं व्हायला म्हणून रोज चेहऱ्याला चोळलं की कातडी पातळ होते. कधी कधी त्याच ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबी असतं. सुरुवातीला उजळ दिसतं, त्यालाच आपण गुण आला म्हणतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना 'अनुसूची एच'मध्ये घातलं. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती विकता येत नाहीत, आणि विकायची तर औषध दुकानाचा परवाना लागतो. माझ्या गाडीवर तो परवाना कुठला? मी नकळत का होईना, कायदा मोडत होते आणि माझ्याच बायाबापड्यांचं तोंड जाळत होते.

दुसरी गोष्ट मॅडमनी पाऱ्याची सांगितली. थर्मामीटरमधला पारा. नाव-गाव नसलेल्या काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तो सापडतो. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात बातमी आली होती. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, मुलगी, तिची आई आणि बहीण, मूत्रपिंडाचा त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या लावत होत्या त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरमलाबी त्याच वर्षी असे रुग्ण सापडले. चेहऱ्याला लावलेलं मूत्रपिंडापर्यंत जातं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

घरी आले. गाडीत अजून बावीस ट्यूबा होत्या. खोटं बोलत नाही, एक मन म्हणत होतं, एवढा माल संपवू आणि मग बंद करू. रात्री त्या पिशवीत बांधल्या आणि माळ्यावर ठेवल्या. फेकवेनात. पुढच्या बैठकीपर्यंत तशाच होत्या.

बैठकीत हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले. मग मी उठले आणि सगळं सांगितलं. आमच्या तेराजणींच्या गटात पाचजणी माझ्याकडून ती ट्यूब नेत होत्या. एकजण रडायला लागली. एकजण म्हणाली, "पाच रुपये कमी कर म्हटलं तवा केलं न्हाईस, आणि आता लावू नको म्हणतीस व्हय?" तिचं बरोबरच होतं. आमच्या अध्यक्षताई मात्र म्हणाल्या, "चूक सांगितलीस हे बरं केलंस. आता गिऱ्हाइकांकडं कवा जाणार?"

मग मी वही काढून घरोघर गेले. उधारीची वही इथं उपयोगी पडली, कारण कुणी किती ट्यूबा नेल्या ते लिहिलेलं होतं. एकोणीसजणींकडं गेले. ज्यांचा चेहरा बिघडला होता त्यांना म्हटलं, मनानं काही करू नका, डॉक्टरला दाखवा, मी सोबत येते. चौघी आल्या. बाकीच्यांतल्या काही अजून माझ्याशी बोलत नाहीत. एकजण दुसरीकडून तीच ट्यूब आणते, हेबी मला माहीत आहे. मी तिला दर बाजाराला सांगते. ऐकत नाही.

आणि पैशाचं? साडेतीन हजारातले चौदाशे गेले, राहिले एकवीसशे. तेव्हा माझं दुसरं कर्ज चालू होतं, हप्ता बाराशेच्या आसपास. म्हणजे हातात नऊशे. त्या महिन्यात मालक म्हणाले, "बंद कर आता." पण मी म्हटलं, चुकीचा माल बंद करायचा, गाडी कशाला बंद करायची?

आता सांगते, त्या गाडीवर आज मी काय ठेवते आणि काय सांगून विकते. हे तुमच्याबी उपयोगाचं आहे.

पहिलं, पाकीट उलटं करून बघायचं. पुढचा फोटो बघायचा नाही. मागं कंपनीचं नाव आणि पत्ता पाहिजे, परवाना नंबर म्हणजे 'एम.एल.' अशी अक्षरं असलेला आकडा पाहिजे, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, आत काय काय घातलंय त्याची यादी आणि किंमत पाहिजे. यातलं काही नसेल तर दहा रुपयाला मिळालं तरी महाग. आणि ट्यूबवर 'आरएक्स' अशी खूण किंवा लाल अक्षरात इशारा दिसला, तर ते औषध आहे. कटलरीवाल्याकडून घ्यायचं नाही आणि शेजारणीचं बघून लावायचं नाही. मी आठवी शिकलेली. ही इंग्रजी अक्षरं मला माझ्या लेकीनं शिकवली, रोज संध्याकाळी एक पाकीट घेऊन. आता मी चष्मा लावून टकाटका वाचते.

दुसरं, चेहऱ्याला लागतं फार थोडं. धुवायला साधा साबण किंवा फेसवॉश, दिवसातून दोनदा, घासायचं नाही. अंग कोरडं पडत असेल तर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. ग्लिसरीन लावायचं तर पाणी मिसळून. घामोळं, खाज असेल तर कॅलामाइन. या सगळ्याला महिन्याला एका गोऱ्या ट्यूबपेक्षा कमी पैसे लागतात. लिंबू चोळून उन्हात जायचं नाही, त्यानं चट्टे आणि काळे डाग पडतात. पुटकुळीवर टूथपेस्ट लावायची नाही.

तिसरं, वांग. बाळंतपणात, गोळ्यांनी, आणि सगळ्यात जास्त उन्हानं वांग वाढतो. ऊन अडवलं नाही तर कुठल्याच क्रीमचा उपयोग नाही. भांगलणीला जाताना डोक्यावरून पदर, स्कार्फ नाहीतर मोठी टोपी घ्या. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ तीस बघून घ्या. दोन बोटांवर मावेल एवढं तोंडाला आणि मानेला लावायचं, घाम आला की दोन-तीन तासांनी परत. नाही परवडलं तर स्कार्फ आहेच, तो बिनपैशाचा.

चौथं, आपल्या पायांचं. रोपलागणीत आठ-आठ दिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आपल्या तालुक्यात पाऊस किती, ते मी काय सांगू. घरी आल्यावर पाय साबणानं धुवा, बेचकं कोरड्या फडक्यानं पुसा, नुसते हवेत ठेवले तरी चालतील. शेतात जाण्याआधी बोटांत व्हॅसलीन किंवा तेल लावा, पाणी कमी मुरतं. पांढरं पडून खाज, वास यायला लागला तर बुरशी असते. त्याचं औषध डॉक्टरला विचारून मेडिकलातूनच घ्या. ते मी विकत नाही, मला विकायचा हक्क नाही. उन्हाळ्यात टाचांना भेगा पडल्या की कोमट पाण्यात पाय बुडवायचे, मऊ झाल्यावर हळू घासायचे, वर व्हॅसलीन लावून मोजे घालून झोपायचं. बायका हसतात मोज्याला, पण आठ दिवसांत गुण येतो.

पाचवं, टिकली. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडला की घरातली माणसं घाबरतात, कोड म्हणतात. टिकलीच्या डिंकात जे रसायन असतं, त्यानंबी असा डाग पडू शकतो. खाज आली, रंग उतरला की टिकली ताबडतोब थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. झोपताना टिकली काढायची सवय लावा. केस काळे करायच्या डायचंबी तसंच. आधी कानामागं थोडा लावून दोन दिवस थांबायचं. आणि जी मेंदी लगेच काळीकुट्ट रंगते ती मेंदी नसते. पानांच्या मेंदीचा रंग तांबूसच येतो, काळ्या मेंदीत केसांच्या डायचं रसायन घातलेलं असतं. पोरांच्या हाताला ती लावू नका, फोड येतात.

तुम्ही म्हणाल, म्हणजे नटायचंच नाही का? नटायचं की! मी लिपस्टिक विकते, लावतेसुद्धा, आजबी लावलीय. पावडर, काजळ, नेलपॉलिश, सगळं करा. लग्नात, जत्रेला, सभेला छान दिसावं वाटणं यात वाईट काय आहे? फक्त एकीचं काजळ, एकीची लिपस्टिक दुसरीला लावायची नाही, डोळे येतात. वास बदलला, तारीख संपली की टाकून द्यायची. आणि रात्री तोंड धुऊन झोपायचं. नटणं आपल्या हौसेसाठी असावं. आपल्या रंगाची लाज वाटून तोंडाला काही थापणं वेगळं. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, कंपनीनं स्वतःच त्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. कंपनीला नाव बदलता येतं, तर सून बघायला गेल्यावर आपल्याला आपला प्रश्न बदलता येणार नाही का? मी माझ्या पोराच्या वेळी 'मुलगी रंगानं कशी आहे' हे विचारणार नाही. सभेत सांगते, म्हणजे फिरता येणार नाही.

आता जोडधंद्याचं. बऱ्याच गटांना साबण, उटणं, तेल बनवून विकायचं असतं. चांगली गोष्ट आहे. पण घरात वापरायला करणं वेगळं आणि विकायला करणं वेगळं. अंगाचा साबण, क्रीम हे सौंदर्यप्रसाधनात मोडतं. ते विकण्यासाठी बनवायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आधी त्या कार्यालयात चौकशी करा, मग साचे आणि माल विकत घ्या. उलटं केलं की पैसे अडकतात. तयार, परवाना असलेला माल आणून विकायला मात्र असा परवाना लागत नाही, म्हणून माझ्यासारखीला तिथून सुरुवात सोपी.

मराठी माणसाचं एक उदाहरण देते. विको कंपनी. केशव विष्णू पेंढरकर नागपूरकडचे, किराणा दुकान चालवणारे. १९५२ मध्ये त्यांनी मुंबईत परळला छोट्या जागेत दंतमंजन बनवायला सुरुवात केली. घरच्यांनीच दारोदार जाऊन विकलं. पुढं १९७५ मध्ये हळदीची क्रीम आली. ती प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर सरकारी खात्याशी कोर्टात कित्येक वर्षं वाद चालला. म्हणजे एवढ्या मोठ्या धंद्यालासुद्धा डबीवर काय लिहायचं, कुठल्या कायद्यात बसायचं, हे चुकत नाही. आपण तर लहान. आपण कागद आधी बघावा.

पार्लरचं काम शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत प्रशिक्षण मोफत मिळतं, राहण्या-जेवणाची सोय असते. आपल्या सीआरपी ताईंकडं नाव द्या. मी महिनाभराचा तो वर्ग केला. महिना घर सोडून राहणं सोपं नव्हतं. तेव्हा गाडी कुणी सांभाळली सांगू? माझ्या त्याच जावेनं. तिचा चेहरा दीड वर्षात बराच निवळला होता. पूर्ण पहिल्यासारखा झाला नाही, शिरा अजून थोड्या दिसतात. पण ती बाजारात बसली. गिऱ्हाईक आलं आणि गोरं करायची क्रीम मागितली, की ती पदर मागं घ्यायची आणि म्हणायची, "माझं तोंड बघा, आन मग ठरवा." माझ्या दहा भाषणांपेक्षा तेवढं पुरायचं.

आज माझा नफा महिन्याला चार हजाराच्या वर आहे. लग्नसराईत नवरीच्या मेकअपचे वेगळे मिळतात. दुसरं कर्ज वेळेत फिटलं. गिऱ्हाईक कमी झालं होतं, ते हळूहळू परत आलं, कारण आता बायका म्हणतात, "ही न्हाई म्हणती म्हंजे काय तरी असंल." धंद्यात 'नाही' म्हणता येणं हीच माझी खरी कमाई आहे. त्या बावीस ट्यूबा मी शेवटी कापून, पिळून टाकून दिल्या, नाहीतर कचऱ्यातून कुणीतरी उचलल्या असत्या. सहाशे साठ रुपयाचं नुकसान. वहीत तसंच लिहून ठेवलंय, खोडलं नाही.

शेवटचं एक मागणं आहे. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक डबी, एक ट्यूब, जी चेहऱ्याला लावता ती, पिशवीत घालून आणा. लाजू नका. हप्ते झाल्यावर सगळ्याजणी मिळून ती उलटी करून वाचा. वाचता आलं नाही तर शाळेत जाणारी पोरगी शेजारी बसवा. काही शंकेचं निघालं तर सीआरपी ताईंना सांगा आणि डॉक्टरला दाखवा. आणि त्या ट्यूबा माझ्याकडून घेतलेल्या असतील, तर मला बोलवा. मी येते, ऐकून घेते.